बॅटरी नवी, तरी सेल्फ घेत नाही: दोष नक्की कुठे आहे ते कसं शोधायचं

आधी लक्षणं बघा आणि त्यातलं तुमच्या दुचाकीचं कोणतं ते ओळखा. आपण सगळ्यांना ‘बॅटरी गेली’ असं एकच नाव देऊन मोकळे होतो, पण आवाजाआवाजात फरक असतो.

- सेल्फ दाबल्यावर भराभर ‘कट कट कट कट’ वाजतं आणि मीटरचे दिवे मिचमिचतात. बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल ढिलं आहे. रिले (सेल्फच्या मोटरला वीज सोडणारा विजेचा स्विच) ओढला जातो, मोटर ताण घेते, व्होल्टेज कोसळतं, रिले सुटतो, व्होल्टेज परत येतं आणि चक्र पुन्हा सुरू होतं.
- एकच ‘टक’ वाजतं आणि पुढे शांतता. टर्मिनल, रिलेचे आतले संपर्क किंवा स्टार्टर मोटर यांच्यावर संशय. बॅटरीही असू शकते.
- चावी फिरवली तरी काहीच लागत नाही, एकही दिवा नाही. फ्यूज, नाहीतर टर्मिनल निघालेलं.
- हॉर्न खणखणीत, लाइट झगझगीत, पण सेल्फ दाबल्यावर कुठेच आवाज नाही. किल स्विच, क्लचचा स्विच आणि साइड स्टँडचा स्विच बघा. बॅटरीकडे बोट दाखवू नका.
- किकने किंवा धक्क्याने गाडी सुरू होते, दिवसभर नीट चालते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चार्जिंग होत नाहीये.
- रोज वापरली तर ठीक, चार दिवस उभी राहिली की मेली. गाडी बंद असताना कोणीतरी करंट पीत आहे.
- बल्ब वरचेवर उडतात, बॅटरीचं पाणी सतत कमी होतं, सीटखाली आंबूस उग्र वास येतो. चार्जिंग जास्त होतंय.

हा बिघाड मी स्वतःच्या आणि ओळखीच्यांच्या गाड्यांवर एवढ्या वेळा काढलाय, की फोनवर नुसता आवाज ऐकवला तरी सुरुवात कुठून करायची ते सांगता येतं. पहिल्या वेळी मात्र मीही सगळे करतात तेच केलं होतं. बॅटरी बदलली. दोन महिन्यांनी ती बसली, तेव्हा कंपनीला शिव्या घालत दुसरी आणली. तीही बसायला लागली तेव्हा कुठे मल्टिमीटर हातात घेतला. रेक्टिफायर म्हणजे इंजिनवर तयार होणारी वीज बॅटरीत भरण्याजोगी करणारा भाग. त्याच्या कपलरमधली, म्हणजे वायरी जोडणाऱ्या प्लगमधली, एक पिवळी वायर जळून काळी पडली होती. म्हणजे दोन्ही बॅटऱ्या उपाशी मेल्या होत्या.

फुकटातल्या तपासण्या

हँडलवरचा किल स्विच बघा. हसू नका, धुताना किंवा पोराटोरांच्या हातून तो दाबला जातो. गाडी न्यूट्रलमध्ये घ्या, साइड स्टँड वर घ्या, क्लच पूर्ण दाबून सेल्फ मारा. तेवढ्यावर सुटलं, तर सुटलं.

मग सीट किंवा बाजूचं पॅनेल काढा आणि दोन्ही टर्मिनल हाताने हलवून बघा. पाना न लावता हाताने. जरा जरी हललं, तरी आजचा गुन्हेगार बहुधा तोच आहे. दिव्याला एखाद-दोन अँपिअर लागतात, ते ढिल्या संपर्कातूनही जातात. सेल्फच्या मोटरला पन्नास-साठ अँपिअर एकदम हवे असतात, ते जात नाहीत. ‘लाइट तर लागतोय, मग बॅटरी चांगली आहे’ हा हिशेब म्हणूनच चुकतो.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी जमली असेल तर ती काढायलाच हवी, ती वीज अडवते. काढताना आधी ऋण टर्मिनल सोडा, मग धन. लावताना उलट, आधी धन आणि शेवटी ऋण. यात अंधश्रद्धा काही नाही. ऋण बाजू गाडीच्या सांगाड्याला, म्हणजे चासीला, जोडलेली असते. ती आधी सोडली की धन टर्मिनल सोडताना पाना चुकून चासीला लागला तरी काही होत नाही. उलटं केलंत तर पाना तापून लाल होईल, ठिणगी उडेल, आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो हे लक्षात असू द्या. खायचा सोडा कोमट पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशने घासा, कापडाने कोरडं करा, घट्ट बसवा आणि वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवा. जेली घट्ट बसवल्यानंतर. आधी नाही.

बॅटरीची पेटी फुगलेली, तडकलेली किंवा ओलसर दिसली तर इथेच थांबा. ती चार्ज करू नका, दुसऱ्या बॅटरीने जम्प देऊ नका. बदलायचीच आहे. पण का फुगली, हे पुढे चार्जिंगच्या तपासणीत बघितल्याशिवाय नवी बसवू नका.

मुख्य फ्यूज बहुतेक गाड्यांत रिलेच्या आसपास असतो आणि त्याच डबीत एक जादाचाही ठेवलेला असतो. जळाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा लावा. नवाही लगेच जळाला, तर कुठेतरी वायर चासीला घासून शॉर्ट होते आहे. तिसरा फ्यूज लावू नका, मोठा लावू नका, आणि सिगारेटच्या पाकिटाची चांदी तर अजिबात नको. शॉर्ट शोधणं वायरमनचं काम आहे.

पाणी, पण फक्त पाण्याच्या बॅटरीत

झाकणं आणि पातळीच्या दोन रेषा असलेली बॅटरी असेल तरच हा भाग तुमचा. सीलबंद बॅटरीचं झाकण उचकटून पाणी घालणारे मी पाहिलेत. त्यात पुन्हा ते झाकण नीट बसत नाही आणि बॅटरी वाया जाते.

पातळी वरच्या आणि खालच्या रेषेच्या मध्ये हवी. कमी असेल तर डिस्टिल्ड वॉटर घाला. नळाचं नको, फिल्टरचंही नको, कारण त्यातले क्षार प्लेटवर बसतात. आम्ल तर कधीच घालू नका. बॅटरीतून उडून जातं ते पाणी, आम्ल आतच राहतं. वरून आम्ल ओतलं की तीव्रता वाढून प्लेटच झिजतात. प्लेट उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील इतपतच पाणी घालून आधी चार्ज करा, वरच्या रेषेपर्यंत नंतर भरा. चार्ज होताना पातळी चढते आणि आधीच काठोकाठ भरलेलं बाहेर येतं. सगळ्या खणांत सारखं कमी झालं असेल तर उष्णता किंवा जास्त चार्जिंग. एकाच खणात कमी असेल तर तो खण आजारी आहे.

वाफ बाहेर नेणारी बारीक नळी दुमडली किंवा दबली नाही ना, तेही बघा. तिचं तोंड चेनवर किंवा वायरिंगवर टेकलेलं नको, तिथे आम्लाचे थेंब पडतात.

तीन आकडे

इथून मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट-अँपिअर मोजायचा मीटर, लागतो. साधा, डिजिटल, सगळ्यात स्वस्त असला तरी चालेल. या लेखातला एकच भाग वाचायचा असेल तर हा वाचा, कारण बॅटरी बदलायची की नाही हे हे तीन आकडेच सांगतात.

पहिला आकडा आरामातला. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, चावी न फिरवता, टर्मिनलवर थेट मोजा. नुकतीच चालवलेली असेल तर मिनिटभर हेडलाइट लावून बंद करा आणि थोडं थांबून मोजा, नाहीतर चार्जिंगचा वरवरचा फुगवटा दिसतो. शिशाच्या बॅटरीत सहा खण असतात आणि प्रत्येकाचे जेमतेम २.१ व्होल्ट. म्हणून भरलेली बॅटरी १२.६ ते १२.८ दाखवते, सीलबंद एजीएम (आम्ल काचेच्या तंतूंच्या गादीत शोषून ठेवलेली) असेल तर थोडं जास्तच. १२.४ म्हणजे साधारण पाऊण भरलेली, १२.२ अर्धी, १२ म्हणजे पाव. ११.८ ला ती रिकामी धरा. ‘बारा व्होल्टची बॅटरी, बारा दाखवतेय, म्हणजे ठीक’ हे वाक्य मी ऐकतो तेव्हा कपाळाला हात लावतो. चार्ज करूनही १०.५ च्या आसपासच अडकत असेल, तर एक पूर्ण खण गेला आहे. तिथे पुढची चिकित्सा नको.

दुसरा आकडा ताणातला. मीटर टर्मिनलवरच ठेवा आणि सेल्फ मारा. आकडा १० च्या वर राहायला हवा. ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी थकली आहे किंवा भरलेली नाही. आरामात १२.६ आणि सेल्फ मारताच ७, हे चित्र अगदी नेहमीचं. वरून तब्येत धडधाकट, आत प्लेटवर शिशाचं सल्फेट कडक होऊन बसलेलं. बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की हे सल्फेट स्फटिक होतं आणि मग चार्जिंगने विरघळत नाही. उलट, सेल्फ सुस्त फिरतोय आणि बॅटरीवर मात्र ११.५ दिसतंय, तर बॅटरीला सोडून द्या. वीज वाटेत कुठेतरी अडते आहे.

तिसरा आकडा चार्जिंगचा. इंजिन गरम करा, हेडलाइट चालू ठेवा, चार-पाच हजार आरपीएमपर्यंत रेस करून धरा. १३.५ ते १४.८ च्या मध्ये कुठेही आलं तर ठीक. १३ च्या खाली राहिलं किंवा रेस केल्यावर हललंच नाही, तर चार्जिंग होत नाही. १५ च्या वर गेलं तर रेक्टिफायर, म्हणजे त्यातला व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर, बिघडला आहे. गाडी चालवणं थांबवा, कारण पुढचा बळी ईसीयूचा, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचा, असू शकतो. आयडलवर १२.८ दिसलं म्हणून घाबरू नका, बऱ्याच गाड्या आयडलवर जेमतेम पोटापुरतंच बनवतात.

आणि इंजिन चालू असताना ‘चार्जिंग होतंय का बघू’ म्हणून बॅटरीची वायर काढण्याची जुनी युक्ती विसरा. कार्ब्युरेटरच्या काळात ती खपून जायची. आता त्या क्षणी व्होल्टेजची उसळी येते आणि इलेक्ट्रॉनिक्स जळतं.

चार्ज करून पुन्हा मोजा

आरामातला आकडा कमी असेल तर बाकी निकाल देण्याआधी बॅटरी पूर्ण चार्ज करा. करंट क्षमतेच्या दहाव्या भागाइतका ठेवा: ५ एएचच्या (अँपिअर-तासांच्या) बॅटरीला अर्धा अँपिअर, ९ एएचला ०.९. रात्रभर लागेल, लागू द्या. कारच्या चार्जरवर दोन तासांत ‘फास्ट’ भरून मिळते, पण छोट्या बॅटरीला तो करंट म्हणजे उकळी आहे. चार्जिंग मोकळ्या हवेत करा आणि आधी चार्जरच्या चिमट्या लावून मग प्लग चालू करा.

चार्ज झाल्यावर चार्जर काढून बारा तास ठेवा आणि काहीही न जोडता पुन्हा मोजा. १२.६ टिकलं तर बॅटरी शाबूत आहे, दोष गाडीत शोधा. आपोआप १२.३ वर घसरली तर बॅटरीच गळकी आहे. ही एक रात्र वाट बघायची कोणाची तयारी नसते, आणि नव्या बॅटरीचे पैसे बहुतेक वेळा तिथेच जातात.

वाटेतला अडथळा

बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर मीटरची एक काडी, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर. रंगावर नको. सेल्फ मारा. ०.२-०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंगची वायर किंवा तिचा बोल्ट खराब आहे. बोल्ट खोला, खालचा गंज पॉलिश पेपरने घासा, परत घट्ट करा. पावसात आणि चिखलात चालणाऱ्या गाड्यांत हा दोष इतका नेहमीचा, की दुसऱ्या गावाहून कोणी विचारलं तर मी आधी हेच करायला सांगतो.

बंद गाडीत करंट कोण पितो

चावी काढा. ऋण टर्मिनल सोडा. मीटर १० अँपिअरच्या खाचेत लावून सोडलेली वायर आणि टर्मिनल यांच्यामध्ये जोडा. आकडा अगदी लहान आला, तर मिलिअँपिअरवर घ्या. मीटर असा जोडलेला असताना चावी फिरवायची नाही आणि सेल्फचं बटण तर मुळीच नाही, नाहीतर मीटरचा फ्यूज जाईल.

घड्याळ आणि ईसीयूच्या आठवणीसाठी एक-दोन मिलिअँपिअर लागतात, तेवढं चालतं. ५० मिलिअँपिअर दिसले तर हिशेब करा: २४ तासांत १.२ एएच. ५ एएचची बॅटरी चार दिवसांत कोरडी, आणि सेल्फ तर दोन-तीन दिवसांतच नाही म्हणणार. आता एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा पडतो, चोर त्या सर्किटवर. फ्यूज काढून काहीच फरक पडला नाही, तर बॅटरीवरून थेट घेतलेल्या वायरी बघा. अलार्म, मोबाइल चार्जर, फॉग लॅम्प, जीपीएस. एका मित्राची गाडी दर सोमवारी बंद पडायची, कारण चोरीपासून राखण करणारा अलार्म शनिवार-रविवार बॅटरीच चोरत होता. असली उपकरणं चावीनंतर चालू होणाऱ्या सर्किटवरून रिले लावून घ्या.

फॉग लॅम्पबद्दल आणखी एक. ५५ वॉटचे दोन म्हणजे ११० वॉट, नऊ अँपिअर. छोट्या गाडीची वीज बनवणारी कॉइल एवढं बनवतच नसेल, तर मोठी बॅटरी बसवूनही उपयोग नाही. तुम्ही फक्त मोठी टाकी हळूहळू रिकामी करता. लोक बॅटरी बसण्याचा दोष ‘सारखा सेल्फ मारण्याला’ देतात. खरं तर मोटरने तीन सेकंद ६० अँपिअर घेतले, तरी ते ०.०५ एएच होतात, म्हणजे ५ एएचच्या बॅटरीचा शंभरावा भाग. एका झटक्यात सुरू होणाऱ्या गाडीची बॅटरी सेल्फने बसत नाही. ती बसते दिवे लावून सिग्नलवर आयडल उभं राहण्याने, आणि न सुरू होणाऱ्या इंजिनवर दहा-दहा वेळा बटण दाबण्याने.

चार्जिंगची बाजू

तिसरा आकडा चुकला असेल तर आधी डोळ्यांनी कपलर बघा. कॉइलकडून रेक्टिफायरकडे येणाऱ्या, बहुतेक गाड्यांत तीन पिवळ्या, वायरींचा कपलर उघडा. प्लॅस्टिक वितळलेलं, पिन काळी किंवा निळसर दिसली की सापडलं. पिन ढिली झाली की तापते, तापली की आणखी ढिली होते. कपलर आणि पिना नव्या बसवून घ्या. वायरी पिळून वर चिकटपट्टी गुंडाळणं म्हणजे तोच बिघाड पुढच्या महिन्यावर ढकलणं.

कपलर ठीक असेल तर इंजिन बंद ठेवून, कपलर सोडून, प्रत्येक पिवळी वायर आणि चासी यांच्यामध्ये रोध मोजा. जोड अजिबात दिसता कामा नये. दिसला तर कॉइल चासीला लागली आहे. आपापसात मात्र तिन्ही जोड्यांचा रोध अगदी कमी आणि सारखा हवा. मग इंजिन सुरू करून एसी व्होल्ट मोजता येतात. तिन्ही जोड्या सारख्या आणि रेसबरोबर चढत्या आल्या, तर कॉइल चांगली आणि संशय रेक्टिफायरवर. पण इथे पन्नासच्या वर व्होल्ट निघू शकतात, काड्या घसरल्या तर झटका बसतो. सवय नसेल तर ही शेवटची मोजणी सोडा.

कॉइल गेली असेल तर थांबा. ती बदलायला इंजिनचं झाकण उघडावं लागतं, मॅग्नेट काढायला पुलर (ओढून काढायचं अवजार) लागतो, गॅस्केट नवं लागतं. हातोडीने मॅग्नेट काढणाऱ्यांनी नंतर क्रँक दुरुस्त केलेला मी पाहिलाय. रेक्टिफायर मात्र दोन बोल्ट आणि कपलरचा खेळ आहे, घरी होतो. स्टार्टर मोटर उघडणं, हार्नेसमधला (वायरींच्या जुडग्यातला) शॉर्ट आणि ईसीयूच्या आसपासचं काहीही असलं तर चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन गाठा आणि तुमचे तीन आकडे कागदावर लिहून त्याला द्या. त्याचा तासभर वाचतो. आम्ल डोळ्यात उडालं तर इलेक्ट्रिशियन नव्हे, भरपूर पाण्याने सलग पंधरा-वीस मिनिटं धुवा आणि डॉक्टर गाठा.

खरंच नवी घ्यायची असेल तर

आधी मॅन्युअलमधला एएच आणि पेटीची मापं जुळवा. थोडा जास्त एएच चालतो, पण खोबणीत नीट बसली पाहिजे. हलणारी बॅटरी आतून तुटते. टर्मिनलची बाजू तपासा. पेटीवरच्या मॉडेलच्या कोडमधल्या एका अक्षराने धन-ऋण उलट होतं: टर्मिनल आपल्याकडे ठेवून बघितलं तर वायटीएक्स-७एलचं धन उजवीकडे असतं, वायटीएक्स-९चं डावीकडे. वायर ओढूनताणून उलट्या बाजूला नेऊ नका. पेटीवरची निर्मितीची तारीख वाचा. भरून सीलबंद आलेली बॅटरी दुकानात वर्षभर पडून असेल तर ती आतून म्हातारी आहे. बाटलीतलं आम्ल भरून द्यायची असेल, तर भरल्यावर निदान अर्धा तास मुरू द्या आणि मग सावकाश पहिलं चार्जिंग करून घ्या. लगेच गाडीत टाकून सेल्फ मारलेली बॅटरी जन्मभर अर्धपोटी राहते.

मी रोजच्या गाडीला सीलबंद एजीएम घेतो. पाण्याची बॅटरी वाईट नाही, पण महिन्यातून एकदा झाकण उघडणारा माणूस हवा, आणि तो आपण नसतो. लिथियमची वजनाला फारच हलकी आणि स्वतःहून फार कमी उतरते. मात्र तिचा आरामातला आकडा १३.२-१३.३ असतो, तिला तिचाच चार्जर लागतो आणि थंडीत ती पहिल्या सेल्फला कुरकुरते. रेग्युलेटर १५ च्या वर नेणाऱ्या गाडीत लिथियम टाकणं धोक्याचं आहे, म्हणून तिसरा आकडा बघितल्याशिवाय ती घेऊच नका.

गाडी तीन-चार आठवडे उभी राहणार असेल तर बॅटरी पूर्ण चार्ज करून ऋण टर्मिनल सोडून ठेवा, किंवा आपोआप थांबणारा मेंटेनन्स चार्जर लावा. रोज पाच मिनिटं आयडलवर चालू करून ठेवण्याने ती भरत नाही, दिवे चालू असतील तर उलट उतरते. उन्हात तापणाऱ्या जागी आणखी लवकर, कारण दर दहा अंशांमागे आपोआप उतरण्याचा वेग जवळजवळ दुप्पट होतो. फरशीवर ठेवली की बॅटरी उतरते असं वडीलधारे सांगत. आताच्या प्लॅस्टिकच्या पेटीला फरशीचं काही वाटत नाही, लाकडाची फळी शोधत बसू नका.

मी दर दोन महिन्यांनी तिन्ही आकडे सीटखाली चिकटवलेल्या कागदावर पेन्सिलीने लिहितो. सेल्फ मारतानाचा आकडा १०.८ वरून १०.४, मग १०.१ असा उतरताना दिसला, की पुढच्या पगाराला नवी बॅटरी घेतो, आणि जुनी शिशासकट दुकानात परत देतो.